उपाशी कौदी

होटगी रोडच्या त्या घरात कुठलंही शुभकार्य ठरलं, की आधी जिन्याखालची निळी पत्र्याची पेटी उघडायची आणि मग सगळ्यांनी मिळून ती परत लावून टाकायची, अशी रीतच पडली होती. पेटीत राहत होते ते सगळे अर्धवट जीव. नागवेणीनं माहेराहून आणलेला मण्यांचा हत्ती, ज्याला सोंड फुटायच्या आत तिचं लग्न झालं. श्रीदेवीचं क्रोशाचं तोरण, त्याला जेमतेम तीन आंबे. मृत्युंजय आणि गुरुराज या दोघा भावांनी शाळेत असताना सुरू केलेला आणि मधेच मारामारी करून सोडलेला आकाशकंदील. आणि सिद्धीच्या पाचवीतल्या उशीच्या अभ्र्यावरचा पोपट, त्याला अजून डोळा नव्हता. प्रत्येक लग्नाआधी, वास्तुशांतीआधी कुणीतरी म्हणायचं, यंदा हे पुरं करूच. वस्तू बाहेर यायच्या, पंख्याखाली झटकल्या जायच्या, काय सुरेख काम होतं म्हणून माना हलायच्या. मग धूळ घरात राहायची आणि वस्तू परत पेटीत.

यंदा पेटी उघडली ती विजूताईच्या मुलीच्या बारशासाठी. विजूताई म्हणजे मृत्युंजय आणि नागवेणीची एकुलती एक लेक. अक्कलकोटला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. या घरातलं पुढच्या पिढीचं हे पहिलंच बाळ, त्यामुळे पेटीवर सगळंच घर वाकलं होतं. सिद्धी सगळ्यात जास्त वाकली होती, कारण ती अलीकडे सगळंच सगळ्यात जास्त करायची. दहावीच्या निरोपसमारंभात हातात कागद न धरता भाषण ठोकल्यापासून, जगात आपल्याला न जमणारं काही असेल यावरचा तिचा विश्वासच उडाला होता. केस खांद्यापर्यंत कापून झाले होते, स्कूटी अंगणात चालवून झाली होती, तुळशीवृंदावनाचा एक कोपरा पाडूनही झाला होता. निकाल लागायला वेळ होता आणि हात शिवशिवत होते.

तिनं पेटीच्या तळाला हात घातला आणि जड, मऊ असं काहीतरी ओढून काढलं. कौदी. जुन्या साड्यांचे तुकडे थरावर थर लावून हातानं शिवलेली, बाकीचं जग जिला गोधडी म्हणतं ती. काठांपासून आतवर टाक्यांच्या ओळी फेर धरत आल्या होत्या. एका बाजूचे टाके मुंग्यांची रांग चालावी तसे बारीक, एकसारखे. दुसऱ्या बाजूचे टाके त्या मुंग्यांना घाई झाल्यासारखे, उड्या मारत गेलेले. आणि बरोबर मधोमध तळहाताएवढी जागा उघडी. तिथे आतले थर दिसत होते.

ही कुणाची, असं सिद्धीनं विचारलं. तिची आई श्रीदेवी पंख्याकडे बघू लागली. तिची दोड्डव्वा, म्हणजे मोठी काकू नागवेणी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघू लागली. उत्तर दिलं ते खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या सावित्रम्मा आज्जीनं.

"तुझीच हाय. तू पोटात होतीस तवाची."

मग आज्जीनं, दोन्ही सुनांच्या डोळ्यांना डोळा न देता, सगळं सांगून टाकलं. या घरात कौदी दोघींनी शिवायची. एकीनं या कोपऱ्यातून, दुसरीनं समोरच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि फेर घेत घेत मधे येऊन भेटायचं. मधली जागा म्हणजे कौदीचं पोट. पोटात ज्वारीचे चार दाणे घालायचे, वर ठिगळ लावायचं आणि तोंड बंद करायचं. रिकाम्या पोटाच्या कौदीवर लेकरू टाकलं तर ते कौदीच्या भुकेनं रडतं. नागवेणी आणि श्रीदेवी शिवत शिवत पोटापर्यंत छान आल्या होत्या. पण वरचं ठिगळ कुणाच्या साडीचं, यावर अडलं. नागवेणी म्हणाली, थोरलीचा मान. श्रीदेवी म्हणाली, लेकरू माझं. त्यानंतर महिनाभर दोघी जावा एकमेकींशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांतून बोलल्या. कौदी पेटीत गेली आणि सिद्धीला पाळण्यात घातलं ते दुकानातल्या चादरीवर.

"म्हणजे ही सोळा वर्षं उपाशी आहे?" सिद्धीनं विचारलं.

"तूबी लई रडायचीस," आज्जी म्हणाली. "आमाला वाटायचं पोट दुखतंय."

विजूताईनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, कौदीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "सिद्धे, ही माझ्या बाळाला पुरी करून दे की."

यावर पहिला हरकतीचा सूर लागला तो मृत्युंजयचा. दोघा भावांचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलांचं दुकान होतं आणि नातीसाठी त्यानं सशांची चित्रं असलेलं एक गुबगुबीत पांघरूण केव्हाच बाजूला काढून ठेवलं होतं. चादरवाल्याची नात जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांवर झोपली तर अक्कलकोटचे व्याही काय म्हणतील, असा त्याचा सवाल होता. धाकटा गुरुराज, सिद्धीचा बाप, थोरल्या भावासमोर कधी बोलत नसे. त्यानं यावेळीही फक्त घसा खाकरला आणि तो लेकीच्या बाजूनं खाकरला असं सिद्धीनं समजून घेतलं. नागवेणीनं मात्र एका वाक्यात निकाल दिला.

"ही कौदी पुरी करणार? हिचा पोपट पाचवीपासनं आंधळा हाय."

सगळे हसले. सिद्धीही हसली असती, पण आई हसलेली तिनं बघितली आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"करते की मी," ती म्हणाली. "बारशाला बाळ याच कौदीवर झोपेल. नाही झोपलं, तर आयुष्यात परत कधी 'करते की मी' म्हणणार नाही."

ही पैज भारी होती. त्या तीन शब्दांशिवाय सिद्धीकडे बोलायला फारसं काही उरलंच नसतं. मृत्युंजयनं पैज मान्य केली आणि सशांचं पांघरूण कपाटात, सहज हाताला येईल असं, समोरच ठेवलं.

*

पहिले काही दिवस सुईनं कौदीपेक्षा सिद्धीलाच जास्त शिवलं. आज्जी शेजारी बसून दोरा ओवून द्यायची आणि कन्नड-मराठी मिसळून शिव्या घालायची. बाहेर मे महिना रस्त्याचं डांबर वितळवत होता आणि आत कूलरच्या पाण्याचे थेंब कौदीवर उडत होते. जुने उसवलेले टाके सिद्धीनं नव्यानं घातले. ते ना दोड्डव्वासारखे बारीक आले, ना आईसारखे उड्या मारणारे. तिरके आले. पण घट्ट आले. आज्जीनं एकदा ओढून बघितलं आणि शिवी न घालता पुढचा दोरा ओवला, तेव्हा सिद्धीला बोर्डात पहिली आल्यासारखं वाटलं.

घरातलं वारं हळूहळू फिरत होतं. गुरुराज दुकानातून येताना पक्क्या दोऱ्याची रिळं आणू लागला. विजूताई बाळाला कौदीच्या कडेला निजवून मापं घेऊ लागली. नागवेणी जाता-येता थांबायची, कौदीकडे न बघता म्हणायची, दोरा मेण लावून ओढावा, आणि निघून जायची. श्रीदेवी तिची पाठ वळल्यावर सांगायची, काही नको मेण, गुंता होतो. सिद्धी आईसमोर साधा दोरा वापरायची आणि दोड्डव्वासमोर मेणाचा. असा दोन आघाड्यांवर तह सांभाळत फेर पुरे झाले आणि ती पोटाशी येऊन थांबली.

आता ठिगळ. सोळा वर्षांपूर्वी दोन शहाण्या बायका जिथे अडल्या, तिथेच.

सिद्धीनं आधी आज्जीकडे एक तुकडा मागितला. आज्जी म्हणाली, माझी सगळी लुगडी आतच हायत, कौदीत, आता वर कुठली आणू. मग सिद्धीला सुचलं. सुचलं तेव्हा ती जिन्यात बसून कलिंगड खात होती आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन तिनं बिया थेट अंगणात उडवल्या.

आज्जीची एक सवय होती. दोन सुना आल्यापासून तिनं घरात कधी एकटी वस्तू आणली नव्हती. कुंकवाचे करंडे दोन, पितळी डबे दोन, साड्या दोन, रंगसुद्धा तोच. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. सिद्धीच्या जन्माच्या वर्षी अशाच दोन इरकली आल्या होत्या, हिरव्या अंगाच्या, लाल पदराच्या, पदरावर पांढऱ्या फण्यांची नक्षी. श्रीदेवीनं आपली पहिल्याच संक्रांतीला नेसली, मग नागपंचमीला, मग सत्यनारायणाला, मग दळण आणायलासुद्धा. नागवेणीनं आपली मलमलच्या फडक्यात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवून दिली. पहिल्या नातवंडाच्या बारशाला नेसणार, हे तिनं तेव्हाच जाहीर केलं होतं. विजूताई तेव्हा चौथीत होती. या साडीवरून घरात नेहमीचे टोमणे ठरलेले होते. नागवेणी म्हणायची, श्रीदेवीला साडी देणं म्हणजे उन्हात लोणी ठेवणं. श्रीदेवी म्हणायची, साडी नेसायला असते, निजवून ठेवायला नाही.

सिद्धीचा हिशेब सरळ होता. ठिगळ आईच्या जुन्या इरकलीचं लावायचं. दोन्ही साड्या हुबेहूब एक. कौदीवरचा तुकडा बघून कुणालाच सांगता येणार नाही की तो कुणाचा. आई म्हणेल माझा, दोड्डव्वाला वाटेल तिचाही असू शकतो. आईला विचारलं तर ती हसून म्हणाली, घे की, कपाटात खालच्या कप्प्यात असेल, पोतेऱ्याला जायच्या आधी कौदीला तरी जाऊ दे.

खालच्या कप्प्यात इरकल नव्हती. पण मागच्या खोलीतल्या कॉटवर होती, घडी घालून, पदर वर करून ठेवलेली. आईनंच काढून ठेवली असणार. सिद्धीनं पदर उलगडला. फण्यांची नक्षी नेमकी मधे यावी म्हणून खडूनं चौकोन आखला. कात्री घातली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास भस्सकन नाकात गेला. पोतेऱ्याला जायच्या बेतात असलेल्या साडीला असा वास कसा, असं तिच्या नाकानं विचारलंही. पण नाकाचं ऐकायची सिद्धीला सवय नव्हती. चौकोन सुटा झाला. एक धागाही तिरका गेला नाही. इतकी सुबक कापणी तिनं आयुष्यात केली नव्हती.

तेवढ्यात श्रीदेवी दारात आली. तिच्या हातात एक विरलेली हिरवी साडी होती.

"ही घे. कपाटात कुठली, मशीनवर झाकली होती मीच," ती म्हणाली आणि थांबली.

खोलीत दोन इरकली झाल्या होत्या. एकीच्या पदराला खिडकी होती.

*

पुढच्या अर्ध्या तासात सिद्धीला एक गोष्ट कळली. आपण यशस्वी व्हावं म्हणून जे घर कधी पूर्ण आपल्या बाजूनं नव्हतं, ते आपण माती खाल्ल्यावर सगळंच्या सगळं आपल्या बाजूनं झालं होतं. नागवेणी शिंप्याकडे गेली होती. बारशाची साडी कॉटवर काढून ठेवून, तिच्यावरचाच नवा ब्लाउज आणायला. ती परत यायच्या आत प्रत्येकानं एकेक युक्ती काढली. विजूताई म्हणाली, उंदरावर ढकलू. आज्जी म्हणाली, उंदीर चौकोनी कापत न्हाय, त्यापरीस पदर खोचून नेसायला लावू. जेवायला घरी आलेला गुरुराज स्कूटर काढून तशीच साडी शोधायला निघाला होता. त्याला श्रीदेवीनं थांबवलं, म्हणाली, सोळा वर्षांपूर्वीचा हिरवा आज कुठे मिळणार. इतकंच काय, मृत्युंजयनंसुद्धा, ज्याला पैज जिंकायची होती, सिद्धीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की मी म्हणतो दुकानात नेताना माझ्याकडून दारात अडकली. पण साडी दुकानात का नेली, हे त्याला सुचेना.

सिद्धी कॉटवर बसून होती. हातात तो चौकोन. तिला वाटत होतं, यातली कुठलीही थाप चालली तर आपण सुटू. आणि मग कौदीच्या पोटावर जन्मभर ती थाप शिवलेली राहील. बाळ तिच्यावर झोपेल.

फाटक वाजलं तशी ती उठली आणि कुणी अडवायच्या आत ओसरीवर गेली. नागवेणी चपला काढत होती, काखेत ब्लाउजची पिशवी.

"दोड्डव्वा, तुमची इरकल मी कापली. आईची समजून. पदराच्या मधोमध."

निरोपसमारंभाच्या भाषणापेक्षा हे फार छोटं होतं. तिनं हातातला चौकोन पुढे धरला.

नागवेणी आत गेली. पदर उचलला. चौकोनातून हात घातला आणि पलीकडून निघालेल्या आपल्याच बोटांकडे बघत राहिली. एका बोटात बारशासाठी धुऊन घातलेली अंगठी होती. दारात सगळं घर उभं होतं आणि एकही जण उंदराचं नाव काढत नव्हता.

"हिला मी ऊनसुद्धा लागू दिलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. मग तिनं घडी घालायला घेतली. "असू दे. मी स्वयंपाकघरात बसते त्या दिवशी. हुग्गी ढवळायला चांगली साडी कशाला लागते."

बारशाच्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ढवळत बाळाची सख्खी आजी स्वयंपाकघरात आणि पाळण्याशी बाकीचे सगळे. सिद्धीला ते चित्र दिसलं.

"मी कौदी परत पेटीत ठेवते," ती म्हणाली. "मी हरले. हा तुकडा परत लावून देते, अगदी बारीक टाक्यांनी, तुमच्यासारख्या."

"पेटीत ठेव. आणखी सोळा वर्षांनी काढ," नागवेणी म्हणाली. घडी घालता घालता तिचा हात थांबला. ती कॉटवरच्या दोन साड्यांकडे बघत होती. एक नेसून नेसून विरलेली. एक न नेसताच गेलेली.

श्रीदेवी पुढे आली. तिनं आपली जुनी इरकल झटकून पसरली. अंग विरलं होतं, काठ निऱ्यांपाशी फाटले होते, बसायच्या जागी साडीतून पलीकडचं दिसत होतं. पण पदर धड होता. तिनं कॉटवरची कात्री उचलली आणि इरकलीचा पदर जिथे मागावरच अंगाला जोडलेला असतो, त्या रेघेवरून सरळ चालवली. लाल पदर सुटून तिच्या मांडीवर आला.

"अंग तुमचं, पदर माझा," ती म्हणाली. "बसा अक्का. बारसं जवळ आलंय."

"तुझा लाल विटलाय," नागवेणी उभ्याउभ्याच म्हणाली.

"तुमचा हिरवा गरजेपेक्षा नवा आहे. मधे कुठेतरी जमेल की."

"आणि तू टाके घालशील ते बेडकाच्या उड्या. चार पावलांवर सुटेल."

"म्हणून तर तुम्हाला बसा म्हणतेय."

आज्जी खुर्चीतून म्हणाली, बसायचं तर बसा, न्हायतर जेवायला वाढा, माझा जीव हितं टांगणीला लागलाय. नागवेणी बसली आणि आपला कापला गेलेला पदर तिनं त्याच रेघेवरून स्वतःच सोडवला. मग तिनं एक टोक धरलं, श्रीदेवीनं दुसरं. नागवेणीनं दोऱ्याला मेण लावलं. श्रीदेवीनं ते बघितलं, तोंड वाकडं केलं आणि मेणासाठी हात पुढे केला. मग दोघींच्या सुया दोन टोकांकडून एकमेकींकडे निघाल्या.

त्या दुपारी त्यांच्यात जे बोलणं झालं त्यातलं निम्मं टाक्यांवरून होतं आणि निम्मं सोळा वर्षांवरून. कोण कुणाच्या डोहाळजेवणाला रुसलं होतं, कुणाच्या माहेरच्या शेंगाचटणीला कोण काय म्हणालं होतं, हे सगळं निघालं. दोघी भांडत होत्या, पण सुई कुणाचीच थांबत नव्हती. मधे एकदा नागवेणी हसली, इतकी की तिला चष्मा काढावा लागला. सिद्धी दाराशी बसून बघत होती. दोन्ही सुया मधे येऊन भेटल्या तेव्हा दोन्ही धाग्यांची गाठ कुणी मारायची यावर दोघी परत थबकल्या. मग नागवेणीनं बोट ठेवलं आणि श्रीदेवीनं त्या बोटाभोवतीच गाठ मारली.

"आणि तो चौकोन?" नागवेणीनं सिद्धीला विचारलं. "तो काय आता चिवड्याला पुडी करतेस? लाव की पोटाला."

"म्हणजे शेवटी मधलं ठिगळ तुमचंच झालं," श्रीदेवी म्हणाली.

"झालं. आणि खांद्यावर तू बसलीस माझ्या," नागवेणी म्हणाली. "सासूबाईंनी दोन आणून काय उपयोग झाला."

*

ठिगळाच्या तीन बाजू सिद्धीनं आदल्या दिवशी शिवल्या. चौथी उघडी ठेवली, कारण पोट बंद करायचं ते बारशाच्याच दिवशी, असं आज्जीनं बजावलं होतं. आत चिमूटभर मालदांडी ज्वारी घातली, हात जोडले आणि कौदी देवघराशेजारच्या खोलीत ठेवून ती मेंदीला गेली.

सकाळी तोंड शिवायला बसली तेव्हा कौदी तिला जरा वेगळीच वाटली. पोट तिनं ठेवलं होतं तसं सपाट नव्हतं. चाचपून बघितलं. चिमूटभर ज्वारीची चांगली वाटीभर झाली होती. सिद्धीनं मान वर केली. आई फुलांच्या माळा सोडवत होती, नको तितकी मन लावून. दोड्डव्वा आरशासमोर जोडाचा पदर नीट करत होती आणि आरशातून कौदीकडे बघत होती. आज्जी जपमाळ ओढत होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. फाटकात व्याह्यांची गाडी वाजली. सिद्धीनं काही न विचारता पटापट तिरके टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि कौदी पाळण्यात टाकली.

अक्कलकोटची मंडळी आली, पाळणा सजला. नागवेणी पाळण्याच्या अगदी उशाशी उभी राहिली. विटक्या लाल पदराकडे बघून दोघीतिघींनी विचारलं, जुनी इरकल का हो, छान दिसतेय. ती म्हणाली, घरातलीच आहे, आणि शेजारी उभ्या श्रीदेवीला कोपरानं ढोसलं. विजूताईनं बाळाला कौदीवर ठेवलं.

बाळ कौदीवर बसलं म्हणायचं की चढलं, हे कुणालाच ठरवता येईना. मधोमध टेकडी झाली होती आणि तिच्या माथ्यावर पाठ टेकून बाळ, हात-पाय दोन्ही उतारांवर सोडून, छताकडे आश्चर्यानं बघत होतं. विजूताईच्या सासूबाई ईरम्मा वाकल्या. त्यांनी टेकडी दाबून बघितली. आत खुळखुळलं.

"इदेनु?" त्यांनी विचारलं. "हे काय भरलंय आत?"

श्रीदेवी आणि नागवेणी एकदम म्हणाल्या, "मी थोडेच घातले होते."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आज्जीनं जपमाळ पदराखाली घेतली आणि म्हणाली, मीबी घातले, म्हातारीची मूठ किती असती. गुरुराजनं घसा खाकरला. आणि या सगळ्यात मागे, सशांचं पांघरूण काखेत घेऊन पैजेच्या निकालाची वाट बघत उभा असलेला मृत्युंजय, कान खाजवत म्हणाला, "मला वाटलं कुणीच घातले नसतील. सोळा वर्षं उपाशी म्हणे."

ईरम्मांना आधी काहीच कळलं नाही. सिद्धीनं सांगितलं, दोन वाक्यांत, कागद न बघता. तेव्हा ईरम्मा इतक्या हसल्या की बाळाची आत्या कानात नाव सांगायला वाकली होती तीही हसू लागली आणि बाळाचं नाव कुर्र ऐवजी हसण्यातच सांगितलं गेलं. थोडे दाणे काढून सपाट करू या का, असं मग कुणीतरी सुचवलं.

"सुम्नीर, गप बसा," आज्जी म्हणाली. "भरल्या ताटावरनं कुणाला उठवू नये."

शेवटी टेकडी बाळाच्या पायांकडे सरकवली. बाळानं दोन्ही टाचा तिच्यावर रोवल्या, एक जांभई दिली आणि बारसं संपेपर्यंत झोपून राहिलं. एकदाही रडलं नाही.

पंगती उठल्यावर सिद्धी जिन्याखाली पाय पसरून बसली होती, समोर हुग्गीची तिसरी वाटी. नागवेणी आली. जोडाचा पदर कमरेला खोचलेला, त्यावर तुपाचा ताजा डाग. तिनं डागाकडे बघितलंही नाही. पायानं पेटी पुढे सरकवली, झाकण उघडलं आणि सोंड नसलेला हत्ती स्वतःच्या मांडीवर घेत, आंधळा पोपट सिद्धीकडे फेकला.

"दिवाळीला विजू परत येणार हाय," ती म्हणाली. "तवर याला दिसायला लागेल का?"

सिद्धीच्या तोंडात हुग्गी होती. तिनं आधी ती गिळली, कारण ते तीन शब्द आता तिचे होते आणि ते तिला नीट, स्पष्ट म्हणायचे होते.

"करते की मी."